बादलीतलं पाणी

शहापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना सगळ्याचीच भीती. गॅस बंद केला तरी त्या परत जाऊन बटण चाचपतात. नाताळासाठी सुरूचं ताजं कापलेलं झाड आणायला मी त्यांना नर्सरीत नेलं, तर त्या एकेक झाड गदागदा हलवून बघत होत्या. "हे नको गो, आत्ताच गळतंय."

आमच्या घरी बुंधा पुन्हा कापून झाड पाण्याच्या बादलीत उभं केलं. रोज सकाळी काकू येऊन बादलीत बोट बुडवायच्या. पाणी उतरलेलं दिसलं की "पितंय हां," म्हणून भर घालायच्या. मला हसू यायचं.

नाताळ सरला तरी झाड तसंच होतं. आईला उठता येत नाही; झाडावरची दिव्यांची माळ दिसावी म्हणून तिची खाट झाडाला लागूनच होती.

एका सकाळी काकूंनी बोट बुडवलं, तर पाणी कालच्याइतकंच होतं. "आता नाय पीत, सुकलं," म्हणाल्या आणि माळेचा प्लग उपटला. मी कुरकुरले. त्यांनी एक डहाळी मोडून मोरीत नेली आणि काडी लावली.

भस्सकन जाळ उठला. मी मागे सरले.

काकू तडक आत आल्या. आईची खाट झाडापासून दूर ओढू लागल्या. मी दुसरी बाजू धरली.

आई विचारत होती, "दिवे का गं बंद केले?"