सापसुरळ्यांचे दगड

जानेवारी १९५६ मध्ये, संचारबंदीतल्या एका सकाळी, पोलिसांनी गिरगावातल्या आमच्या चाळीची झडती घेतली. दुसऱ्या मजल्यावर काकांच्या खोलीसमोर, गॅलरीच्या कठड्याला लागून, त्यांना चपट्या दगडांची रास सापडली.

मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याची घोषणा झाली होती. रस्त्यावर दगडफेक आणि गोळीबार चालू होता. आमच्या चाळीतून आलेल्या दगडाने एका शिपायाचं डोकं फुटलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. काका सरकारी कचेरीत कारकून होते. अटक झाली तर नोकरी जाणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या पगारावर आम्ही तिघं होतो: ते, काकू आणि कॉलेजात शिकणारी मी.

दगड सापसुरळ्यांसाठी आणलेले होते. चहाच्या एका खोक्याला पुढून काच आणि वर बारीक जाळी बसवून काकांनी त्यात दोन सापसुरळ्या पाळल्या होत्या. सापसुरळी पालीहून जाड, आखूड पायांची, तेल लावल्यासारखी चकाकणारी. पुष्कळ लोक तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजतात. ती विषारी नसते. खोक्यात चौपाटीची वाळू होती, मीठ जाईपर्यंत धुतलेली. खाणं झुरळं आणि नाकतोडे. पाण्याची वाटी ठेवलेली असे, पण सापसुरळ्या दगडावर शिंपडलेले थेंबच चाटत.

सुरुवातीला दोघी एकाच दगडाखाली राहत. पावसाळ्यात दोघींच्या कुशी तांबूस झाल्या, म्हणजे दोन्ही नर. आम्ही तरी त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत राहिलो. तेव्हापासून थोरली उन्हाची जागा सोडेना. धाकटी वर आली की ती अंग फुगवून आडवी उभी राही, मग चावायला धावे. धाकटीने खाणं सोडलं. एकमेकींच्या नजरेला न पडणं हाच उपाय, असं काकांनी पाहून पाहून ठरवलं. खोक्यात मधोमध दगडांची भिंत रचली, उन्हाला बसायला दोन बाजूंना दोन ढीग केले. भिंत मनासारखी होईपर्यंत ते शिवडीहून पिशव्या भरभरून दगड आणत राहिले. उरलेले कठड्याशी पडून होते.

“हे कशाला?” हवालदाराने विचारलं.

“सापसुरळ्या पाळल्यात. त्यांना राहायला.”

हवालदार कोकणातला होता. तो शिपायाकडे वळला. “ऐकलंस? सापाची मावशी ऱ्हवता म्हणे हय.”

शिपाई हसला नाही. एक दगड उचलून तो म्हणाला, “मुठीत बरोबर बसतोय.”

काकू दारातून म्हणाल्या, “मी सांगत होते यांना, पोपट पाळा. पोपटाला दगड लागत नाहीत.”

“तू आत हो,” काका म्हणाले.

“दाखवा तुमची मावशी,” हवालदार म्हणाला.

खोक्यात काहीच दिसत नव्हतं. थंडीत सापसुरळ्या अंगाला ऊन लागल्याशिवाय बाहेर निघत नाहीत. गॅलरीत ऊन सकाळी थोडाच वेळ येई आणि दोघे पोलीस नेमके त्या उन्हात उभे होते.

“जरा बाजूला होता का? ऊन अडतंय,” काका म्हणाले.

“आता आम्हालाच हलवतोय हा,” शिपाई म्हणाला. “दगड उचल ना, दिसेल.”

“उचलला तर वाळूत घुसतील. मग संध्याकाळपर्यंत वर येणार नाहीत.”

खाली पोलिसांची गाडी येऊन थांबली. तळमजल्यावरच्या दोन तरुणांना तिच्यात चढवत होते. हवालदाराने कठड्यावरून वाकून पाहिलं. “गाडी भरेपर्यंत थांबतो. नाहीतर तुम्हाला यावं लागेल.” तो भिंतीशी सरकला आणि त्याने शिपायालाही ओढून घेतलं.

खोक्यावर ऊन पडलं. खाली गाडीची मागची फळी लावल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने उजव्या ढिगातून थोरलीचं डोकं बाहेर आलं, मग अंग.

“ही एक. मग ढीग दोन कशाला?” हवालदाराने विचारलं.

“दुसरी आहे. दोघींचं पटत नाही.”

“भावकी?”

“तसंच.”

“दुसरी दाखवा.”

खालून शिट्टी झाली. शिपाई काकांच्या दंडाला धरायला पुढे आला. काकांनी जाळी उचलली, हात आत घातला आणि मधल्या भिंतीतला वरचा दगड काढून घेतला. थोरली त्या फटीकडे वळली, थांबली आणि आत शिरली. पलीकडे वाळू उडाली. दोघी एकमेकींना गुंडाळल्यासारख्या काचेवर आपटल्या आणि धाकटीची शेपटी तुटून वाळूत वळवळू लागली. शिपाई मागे हटला.

“चावली तर?” हवालदाराने विचारलं.

“चिमटा बसतो.” काकांनी थोरलीला मानेमागे धरून उजवीकडे ठेवलं आणि दगड जागेवर बसवला. ती त्यांच्या बोटाला चावून धरून होती.

हवालदार शेपटी थांबेपर्यंत पाहत राहिला. मग शिपायाला म्हणाला, “आतले दगड राहू देत. बाहेरचे खाली ने.”

“वर काय सांगायचं?” शिपायाने विचारलं.

“दगड मिळाले म्हणून सांग. माणूस नाही.”

शिपायाने दगड पोत्यात भरून खाली नेले. गाडी त्या दोन तरुणांना घेऊन गेली. दगड कोणी मारला होता, ते आम्हाला कधी कळलं नाही. धाकटीने बरेच दिवस काही खाल्लं नाही, मग एक झुरळ खाल्लं.

संचारबंदी उठली त्या सकाळी काका फोर्टातल्या कचेरीत गेले. पोलिसांकडून त्यांच्या नावाने काही आलेलं नव्हतं; त्यांना कामावर घेण्यात आलं.