नाववालीचे शंभरात सत्तर

नाववाली म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात प्रसिद्धीचं काम बघणारी बाई. हे टोपणनाव तिला वॉर्डबॉयांनी दिलं आणि चालत चालत ते तिच्या गल्लीपर्यंत आलं. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा. भाजी घेताना, बसची वाट बघताना, कोणाला भेटायला गेली तरी ही बाई समोरच्याला विचारायचीच, "आमच्या दवाखान्याचं नाव ऐकलंय का हो?" ऐकलंय म्हटलं की चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. नाही म्हटलं की मग त्या माणसाची धडगत नाही, अर्धा तास तरी सुटका नाही.

पूर्वी या कामाला कोणी विचारत नव्हतं. चार पोस्टरं लावली, एखादं शिबिर घेतलं, की झालं. मग नवे व्यवस्थापक आले. माणूस कडक, पण डोक्याने सरळ. पहिल्याच बैठकीत त्यांनी तिला धारेवर धरलं. "लोकांपर्यंत पोचलो असं तुम्ही लिहिलंय. किती लोकांपर्यंत? कोणत्या? मोजता येत नसेल तर ते काम झालं की नाही हे मला कसं कळणार?" नाववालीच्या ते जिव्हारी लागलं. तिने अभ्यास केला आणि टार्गेट ठरवलं. दोन वर्षांत आसपासच्या वस्त्यांमधल्या चाळिशीपुढच्या शंभर माणसांतल्या सत्तर जणांनी दवाखान्याचं बोधचिन्ह, खाली नाव लिहिलेलं नसताना, ओळखलं पाहिजे. तेव्हा पंचवीस जण ओळखत होते. व्यवस्थापक याला ब्रँड अवेअरनेस म्हणायचे. ती म्हणायची, "लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे."

बोधचिन्ह म्हणजे एक डोळा मोठा असलेली चिमणी. ती चिमणी तिने बसच्या पाठीवर लावली, किराणा दुकानाच्या पिशव्यांवर छापली, औषधांच्या पाकिटांवर छापली. आणि मोजायला तीन कार्डं केली. एकावर दाताच्या दवाखान्याचा दात, एकावर आपली चिमणी, एकावर औषधाच्या दुकानाचं पान. सर्व्हेवाल्यांनी घरोघरी जाऊन ती समोर मांडायची आणि विचारायचं, "यातलं डोळ्यांच्या दवाखान्याचं कुठलं?" तिची ताकीद होती की प्रत्येक घरी कार्डं पत्त्यांसारखी पिसायची. नाही तर शेजारीण शेजारणीला सांगते आणि उत्तर फुकट जातं. कामाला बाई चोख, त्यात खोट काढायला जागा नाही.

खोट होती ती घरात.

घरी नवरा आणि सासू. नवरा ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सासूबाई दिवसभर खिडकीपाशी बसून शिंप्याकडच्या शर्टांची काजं-बटणं करायच्या. हातात अशी सफाई की शिंपी सगळ्यांना सांगायचा, आजींचं काज उसवत नाही. सुनेशी त्यांचं चांगलं जमायचं. सर्व्हेची वाक्यं कशी बोलायची याची तालीम नाववाली त्यांच्यावरच करायची. जेवण झालं की कार्डं मांडायची, दात, चिमणी, पान, आणि विचारायची, "सांगा आई, आमचं कुठलं?" आई मधल्या कार्डावर बोट ठेवायच्या. "हे. चिमणी." "बघा, आमच्या आईंना सुद्धा येतं," असं ती दवाखान्यात सगळ्यांना कौतुकाने सांगायची. घरी कार्डं पिसायची मात्र तिला कधी गरज वाटली नाही. घरच्या घरी कशाला पिसायची?

आणि याच दोन वर्षांत आई उजव्या बाजूने दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. ग्लासात ओतलेलं पाणी ओट्यावर सांडायला लागलं. उजवीकडून कोणी आलं तर दचकायच्या. काजं बंद झाली. विचारलं तर म्हणाल्या, शिंप्याने मशीन घेतलंय. त्याने काही मशीन घेतलं नव्हतं, सुनेने गल्लीच्या तोंडाशी त्याच्या दुकानात जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण नाही. ही घाईत असायची आणि म्हणायची, "आई, जरा बघून चाला हो." अहो, डोळ्यांच्या दवाखान्यातली बाई तुम्ही! दुसऱ्या कोणाची आई अशी धडकली असती तर हात धरून डोळे तपासायच्या मशीनसमोर बसवली असती.

सर्व्हेवाला एकदा त्यांच्याही घरी आला होता. दार उघडणाऱ्या नाववालीला बघून हसला. "तुमच्या घरी काय विचारायचं, ताई?" तीही हसली. त्याने आईंच्या नावापुढे 'ओळखलं' अशी खूण केली आणि चहा पिऊन गेला.

टार्गेट पूर्ण झालं. सत्तर ठरलं होतं, बहात्तर आले. व्यवस्थापक खूश झाले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी जरा कठीण करू, आणखी एका चष्म्याच्या दुकानाचं कार्ड घालू. नवी कार्डं छापून आली ती घेऊन ती दुपारी लवकर घरी आली. आई खिडकीपाशी रिकाम्या हाताने बसल्या होत्या. तिने चार कार्डं हाताला येतील तशी मांडली.

"सांगा आई, आमचं कुठलं?"

आईंनी चाचपत दुसऱ्या कार्डावर बोट ठेवलं. "हे. चिमणी."

तो दात होता.

"थट्टा करता का?" ती म्हणाली. आई हसल्या नाहीत. तिने ते कार्ड उचलून त्यांच्या समोर धरलं. "हे काय आहे, आई?"

"चिमणी की गं."

दवाखान्यात इतकी वर्षं काढली होती, एवढं तरी तिला येत होतं. तिने तळहाताने आईंचा डावा डोळा झाकला आणि विचारलं काय दिसतंय. आई म्हणाल्या, काही नाही. उजवा झाकला. आई म्हणाल्या, "तू दिसतेस, पण नळीतून बघितल्यासारखी. चित्रं नाही कळत."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष. हळूहळू गेलं. मला वाटलं वय झालं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट. "तू नाव विचारायचीस. नाव मला येत होतं. आणि चिमणी तू मधेच ठेवायचीस. चुकले असते तर तुझ्या कामाला बट्टा लागला असता. चार लोक म्हणाले असते, हिची सासूच आंधळी."

नाववालीला धरणी दुभंगावी असं झालं. गोळा करताना कार्डं दोनदा तिच्या हातून सांडली आणि आई उलट तिलाच विचारत होत्या, बरं नाही का वाटत.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. नोंदणीच्या खिडकीवर नव्या पेशंटला एक प्रश्न विचारायचाच असा नियम होता, आणि तो नियम तिनेच केलेला. खिडकीवरच्या बाईंनी खाली बघत विचारलं, "दवाखान्याची माहिती कुठून मिळाली?" आईंनी ताठ मानेने सांगितलं, "ही काय, माझी सून. इथेच असते." खिडकीवरच्या बाईंनी मान वर केली, एकदा तिच्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. रांगेतले दोघे जण तिला ओळखत होते. ते दुसरीकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा गेला तो परत येणार नाही. डाव्याचं जेवढं शिल्लक आहे तेवढं थेंबांनी टिकवायचं, जन्मभर, एक दिवसही न चुकवता. "हा आजार दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. वर्षभर आधी आणलं असतं तर..." असं म्हणत त्यांनी सोबत कोण आहे म्हणून मागे बघितलं आणि पुढचं बोलल्याच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर नाववालीने गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र पर्समध्ये घालायला सुरुवात केली. डब्याची वेळ झाली की ती सगळ्यांच्या आधी खाऊन मोकळी व्हायची. बसच्या पाठीवरची चिमणी दिसली की मान वळवायची. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझ्या तर हातातली गोष्ट होती." तेवढ्यावरच थांबला. तिला मात्र तो रोज तेच म्हणतोय असं वाटायचं.

वर्षाच्या बैठकीत व्यवस्थापकांनी तिचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. नवं टार्गेट शंभरात ऐंशी ठेवू, असं ते म्हणाले. ती उठली.

"ओळख मोजून झाली, सर. आता हे मोजू या की ओळखणाऱ्यांपैकी कितींनी मशीनसमोर हनुवटी टेकवली."

"ते डॉक्टरांच्या बाजूचं काम. आपलं काम ओळख."

"ओळख असूनही माझ्या घरातला एक डोळा गेला," ती म्हणाली. तिला एवढ्या लोकांसमोर हे बोलायचं नव्हतं. बोलून झाल्यावर तिने खुर्चीची पाठ धरून ठेवली.

व्यवस्थापकांनी विचारलं, आवाज नेहमीपेक्षा हळू, "बरं. आज तो आकडा किती आहे?"

तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं वस्त्यावस्त्यांतून मोजत फिरली होती आणि हे एक कधी विचारलंच नव्हतं. ती खाली बसली.

मग सर्व्हेतली नावं आणि पेशंटांची नावं जुळवायला तिला आणि खिडकीवरच्या बाईंना आठवडा लागला. चिमणी ओळखणाऱ्या शंभरांमधल्या फक्त अकरा जणांनी सर्व्हे संपेपर्यंत डोळे तपासून घेतले होते. व्यवस्थापकांनी आकडा दोनदा वाचला आणि ऐंशी खोडून तिथे लिहिलं, तपासणी, शंभरात तीस.

त्या संध्याकाळी तिने घरी आल्यावर हात धुतले, आईंच्या डाव्या डोळ्यात थेंब घातला आणि डोळा मिटायला सांगितला. मिटलेल्या डोळ्यांनी आईंनी विचारलं, आज काय झालं कामावर. तिने सांगितलं. काही लपवलं नाही.

"शंभरात अकरा," आई म्हणाल्या. "ते मला धरून का गं?"

"नाही आई," ती म्हणाली. "तुम्ही बाकीच्यांत होता."