सुट्या गोळ्या

शिवरंजनीच्या पीएचडीला सात वर्षं लागली आणि त्यातली निदान दोन एसटीच्या कंडक्टरांशी हुज्जत घालण्यात गेली. मानवत, सेलू, गंगाखेडच्या दवाखान्यांतून लघवीचे नमुने गोळा करायचे आणि बर्फाच्या डब्यातून परभणीला आणायचे. डब्यात काय आहे असं कंडक्टर विचारी, ही खरं सांगे, आणि भर रस्त्यात तिला उतरवलं जाई. शेवटी ती श्रीखंड आहे म्हणून सांगू लागली.

सेलूच्या बसवंतराव कापडवाल्यांची ही थोरली लेक. कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे शोधणं तिचं काम. बशीत जंतू वाढवायचे, त्यांवर औषध लावलेल्या बारीक चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं, नाहीतर जंतू चकतीला खेटून वाढतात. परभणीच्या कॉलेजात नोकरी लागल्यावरही तिनं हेच चालू ठेवलं. लाइट गेली की जंतू वाढवायची पेटी थंड पडे आणि आठवड्याचं काम नासे. इन्व्हर्टरसाठी तिनं तीन प्राचार्यांकडं अर्ज केले. तिसऱ्यांनी मंजूर केला आणि इन्व्हर्टर आपल्या केबिनला बसवून घेतला.

एवढं करून जे हाती आलं त्यानं तिची झोप उडाली. लघवीच्या जळजळीवर सर्रास दिली जाणारी गोळी दहातल्या सहा बायांना लागूच पडत नव्हती. लोक दोन दिवस गोळ्या खात, जरा उतार पडला की सोडून देत. चिवट जंतू तेवढे मागं उरत आणि तेच वाढत. औषध दुकानदारांच्या एका सभेत तिनं हे तासभर समजावून सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, शाल आणि नारळ दिला. मग सिताराम नावाचे एक बुजुर्ग दुकानदार अदबीनं म्हणाले, "मॅडम, आता कोणती गोळी लागू पडायलीय तेवढं सांगा. आमी तीच ठेवतो."

नारळ तिनं टेबलावरच सोडला.

मग गेल्या वर्षी आई आजारी पडली. नागुबाई सत्तरीच्या, सेलूत धाकट्या मुलाकडं, महांतेशकडं राहत. वडिलांच्या माघारी महांतेशनं कापडाच्या दुकानाचं मेडिकल केलं होतं. आईला थंडी वाजून ताप चढला, कंबर धरली, तेव्हा शिवरंजनीनं तिला परभणीच्या दवाखान्यात आणलं आणि नमुना स्वतःच तपासला. तिसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली. चौदा चकत्यांपैकी बारांभोवती काही नव्हतं. दोन इंजेक्शनांच्या चकत्यांभोवती तेवढी कडी दिसत होती.

तिनं खाटेजवळ बसून आईला विचारलं, आधी काही घेतलं होतं का.

"महांतेश देतो की," नागुबाई म्हणाल्या. "जळजळ झाली की दोन गोळ्या घेते. लय बरं वाटतं."

"किती दिवसांपासून?"

"तीनेक वर्षं झाली आसतील. तुला कशाला सांगायचं? तू आधीच कामात आसतीस."

त्या तीनही वर्षांत ती जिल्हाभर हिंडत होती आणि ज्याच्या शोधात होती ते तिच्याच घरात, तिच्याच भावाच्या हातून घडत होतं. महांतेश डबा घेऊन आला तेव्हा तिनं त्याला व्हरांड्यात नेलं. तो आधी म्हणाला, सगळेच देतात. मग म्हणाला, पूर्ण पाकीट दिलं तर आई खात नव्हती.

"अक्का, मी मुद्दाम केलं का?" त्यानं विचारलं.

"तू माझ्या सभेला आला होतास," ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेत होतास."



नऊ दिवस इंजेक्शनं चालली. आई वाचली, पण एक मूत्रपिंड कायमचं कमजोर झालं. घरी आल्यावर नागुबाईंनी पहिलं काम काय केलं, तर उशीखालच्या उरलेल्या गोळ्या शेजारच्या पार्वतीबाईंना देऊन टाकल्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणाल्या. शिवरंजनी त्या मागून आणायला गेली, तर पार्वतीबाईंनी दोन खाल्ल्याही होत्या आणि त्यांना बरं वाटत होतं.

महांतेशनं मात्र चिठ्ठीशिवाय सुट्या गोळ्या देणं बंद केलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आठवड्यातून एकदा तरी तो बहिणीला फोन करून सांगतो, आजही पाचजण गेले. ती ऐकून घेते. तिचा नवा शोधनिबंध नियतकालिकाच्या परीक्षकांनी परत पाठवलाय. एका जिल्ह्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, आणखी नमुने हवेत, असं त्यांचं म्हणणं आहे. पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या जिल्ह्यातल्या, हिंगोलीच्या दवाखान्याला फोन लावला.