दिपमालानं जग बुडवलं

भडगावच्या दिपमालानं एकदा सगळं जग बुडवलं, आणि वर खुशीत होती. शाळकरी पोरांसाठी ती कादंबरी लिहीत होती. आभाळातून तांबडी धूळ उतरते, माणसं पटापट संपतात, आणि उरल्यासुरल्या सात जणांतली तारका नावाची पोरगी सायकलवर टांग टाकून गिरणेच्या कोरड्या पात्रातून जळगावकडे निघते, तिकडे कुणी जिवंत आहे का ते बघायला. पुण्याचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयारही झाला होता. झालेलं प्रकरण दिपमाला संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवायची. घोळ एवढाच, की गोष्टीत तिनं गल्लीतलीच माणसं नावानिशी घातली होती.

पोरांनी बातमी घरोघरी पोचवली आणि गल्ली पेटली. तुम्हांला वाटेल, जग बुडालं म्हणून लोक हळहळले असतील. छे हो, जग गेलं खड्ड्यात. आपलं नाव जिवंतांत नाही, हा अपमान! लग्नाचं आवतण चुकावं तसे लोक रुसले. झुलालआबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "पोरी, बारशाला बोलावलं नाहीस, चाललं. जगबुडीलाही नाही?" चक्कीवाला नवल म्हणाला, मला मारलंस तर तुझे ते सात जण काय ज्वारी चावून खाणार? शेजारची नूतन ताटभर बिबड्याचे पापड घेऊन आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता पुटपुटली, "आमच्या ह्यांना नाही ठेवलं तरी चालेल, पण माझं बघ तेवढं."

दिपमाला पडली भिडस्त. तिनं कादंबरीत आबांना मेलेल्यांतून उठवलं, नवलला उठवलं, नूतनला उठवलं, आणि पापडांना जागून तिच्या नवऱ्यालाही उठवलं. नवी प्रकरणं वाचून प्रकाशकाचा फोन आला, "ताई, जग संपलंय की लग्न लागलंय?" हसून हसून दिपमालाला पुरेवाट झाली.

घरात मात्र हसायची सोय नव्हती. तारकाची आजी म्हणून तिनं आपली सासूच घातली होती, कमलबाई. आणि कमलबाई पहिल्याच पानावर गेल्या होत्या. ते कळल्यापासून त्यांनी सुनेशी अबोला धरला होता. सासूशी बडबडल्याशिवाय दिपमालाच्या घशाखाली चहा उतरत नसे, तिचा जीव नुसता कासावीस झाला. नवरा अभिमन म्हणाला, "अख्खी गल्ली उठवलीस, माझ्या आईनंच तुझं काय घोडं मारलं?" हे तिला पटलं. तिनं एका बैठकीत सासूला जिवंत केलं, वर गावाची सरपंच केलं, आणि धावत जाऊन वाचून दाखवलं.

कमलबाई तोंड फिरवून बसल्या.

आता दिपमालाचं डोकं फिरलं. "आई, अजून काय करू? भडगावात मरायला कुणी शिल्लक नाही राहिलं. काय चुकलं ते सांगा तरी."

कमलबाई भिंतीकडे बघतच बोलल्या. "मरानं काय वं, मरनं बठ्ठासले शे. पन मन्हाकरता कोनी रडनं नही. आजी मरनी, आन ती पोर दुसरा पानवर सायकल चालाडी राहिनी."

दिपमालानं जुनं पान काढून बघितलं. खरंच की. मरण सगळ्यांनाच असतं, पण आजीसाठी कुणी रडलंच नव्हतं. आजी गेली ही अर्धी ओळ, आणि लगेच सायकलच्या चाकात हवा. आपण हे असं कसं लिहिलं, या विचारानं तिला भडभडून आलं. तिनं सरपंचपदावर काट मारली आणि सासूला पुन्हा मारलं. या वेळी तारकानं सायकल टाकून दिली, आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि प्रकरण संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

संध्याकाळी ओट्यावर ते वाचताना दिपमालाच रडायला लागली. पोरं मुसमुसू लागली. झुलालआबांनी नाक शिंकरलं. कमलबाई मात्र दारात बसून, मान डोलवत, आपलं मरण मोठ्या कौतुकानं ऐकत होत्या. वाचन संपलं तशा त्या पुढे सरकल्या आणि पदरानं सुनेचे डोळे पुसले.

"आखो थोडी रडू दे तारकाले," त्या म्हणाल्या. "मंग खुशाल जाऊ दे सायकलवर."