गजावरची तांबडी खूण

बर्वेकाका पिस्तूल भरायला लागले की शेजारच्याने खोकायचंही नाही, असा त्यांचा दंडक होता. जुनी ठासणीची पिस्तुलं ती. नळीच्या तोंडातून मोजून दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. गजावरची तांबडी खूण नळीच्या काठाशी आली की बार बरोबर बसला. "मध्ये बोललीस की माप चुकतं. आणि चुकलं की नळी फुटते, बाई, हातासकट," असं ते अगदी थंडपणे सांगायचे.

काका नाशिकचे. दोहात वर्ल्डकपच्या स्टेडियमच्या बांधकामावर माझे साहेब आणि अल हिलाल भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला. शुक्रवारी सुट्टीला मलाही नेमबाजीच्या रेंजवर न्यायचे. मी जन्माची भित्री, फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरणारी. बार उडाला की दर वेळी काळजाचं पाणी व्हायचं. काका कधी हसले नाहीत. "घाबरलेला माणूस दोनदा बघतो. मला भीती वाटेनाशी झाली की खलास, पिस्तुलांची पेटी बंद," म्हणायचे.

स्टेडियम ताब्यात द्यायची तारीख तोंडावर आली होती. एरवी गाडीत राहणारा फोन त्या शुक्रवारी काकांच्या खिशात होता. त्यांनी नळीत दारू ओतली आणि फोन वाजला. "यल्ला, चला, येतो तासाभरात," म्हणून त्यांनी तो ठेवला, माप उचललं आणि पुन्हा दारू ओतली.

खरंच दोनदा ओतली, की मलाच तसं वाटलं? बोलायची बंदी. गोळी ठासून झाली, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. खूण न बघताच त्यांनी गज बाजूला ठेवला आणि पिस्तूल उचललं. मी कशीबशी म्हणाले, "काका, खूण."

ते थांबले. गज परत आत घातला. खूण काठाच्या बोटभर वर राहिली, म्हणजे दारू दोनदाच पडली होती.

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. "आज मला भीतीच वाटली नव्हती गं," एवढंच म्हणाले. बार रिकामा केला, पेटी बंद केली. पुन्हा कधी उघडली नाही.

पुढच्याच आठवड्यात साइटवर वारा सुटला होता. क्रेनला छताचा तुकडा लटकत होता आणि सगळे घाई करत होते. काय चुकतंय ते मला सांगता येईना, पण त्या शुक्रवारसारखीच भीती वाटली. मी हात वर केला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि आधी क्रेन थांबवली. का, ते नंतर विचारलं.