चेहरा बघून कॅसेट देणारे भाऊजी

भिंगारमध्ये कोण आजारी आहे आणि कोण रुसलंय, हे डॉक्टरच्या आणि सासूच्याही आधी ज्यांना कळायचं, ते म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र, कॅसेटवाले भाऊजी. त्यांची व्हिडिओ लायब्ररी म्हणजे जेमतेम एक गाळा, पण तिथे आपण मागू तो सिनेमा मिळेल तर शपथ. भाऊजी आधी चेहरा बघायचे, मग घरची चौकशी करायचे, आणि मग ते देतील ती कॅसेट. एकदा केडगावचा एक गडी मारामारीचा सिनेमा मागायला आला.

"घरी बाळंतीण हाय ना तुझ्या? मग बंदुका कशाला? हा हसायचा ने."

"मला न्हाई हसायचं."

"तुला कोण इचारतंय? तिला हसू दे."

नेला बिचाऱ्याने, आणि दोन दिवसांनी सासुरवाडीची माणसं आली म्हणून पुन्हा तोच मागायला आला.

मग केबल आली. घरबसल्या फोन फिरवायचा, नाव सांगायचं, की संध्याकाळी सिनेमा टीव्हीवर हजर. ना चौकशी, ना कॅसेट परत करायची कटकट. भाऊजींच्या गाळ्याकडे कोणी फिरकेना. केबलवाला मनाने चांगला, त्याने भाऊजींनाच फर्माइशीचे फोन घ्यायला बसवलं. घ्या आता. "कोण, सुभेदारीणबाई का? आवाज अजून बसलेलाच आहे तुमचा. रडका नको, खोकला वाढेल." एकेक फोन अर्धा तास चालायचा, आणि बाकीचं भिंगार नंबर फिरवून दमायचं. पाचव्या दिवशी केबलवाल्याने हात जोडले, "काका, लोकांना नुसता सिनेमा पायजे हो."

भाऊजी परत गाळ्यात येऊन बसले.

खोटं कशाला बोलू, केबल आमच्याकडेही होती. गिऱ्हाईक परत आलं नाही तर दिवाळीला भाऊजी गाळा सोडणार, असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मला अपराध्यासारखं झालं. त्याच आठवड्यात माझी लेक लग्न होऊन सासरी गेली होती आणि घर खायला उठत होतं. चार वाजता पिशवी घेऊन गेले. मला बघून भाऊजींनी लगबगीने स्टूल पुसलं.

"भाऊजी, काय बघू आज?"

त्यांचा हात फळीवरून फिरला, एका कॅसेटवर थांबला. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात खाली घेतला.

"आज काही बघू नका, वहिनी. किती रात्री जागल्यात? घरी जाऊन झोपा जरा."

अहो, त्या दिवसाचं एकुलतं एक गिऱ्हाईक होते मी.

दिवाळीनंतर त्या गाळ्यात चपलांचं दुकान निघालं. मी मात्र त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन घरी आले, आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले.