वांग्यावरचा सफरचंदाचा पाक

नागपुरात इतवारी बाजाराच्या तोंडाशी एक खानसामा सफरचंदाचा रस काकवीसारखा आटवायचा. कोथिंबिरीच्या जुडीने तो पाक भाजल्या वांग्यांवर लावायचा, आणि त्याच जुडीने गोड गुलगुल्यांवरही. इंग्रज साहेबाच्या घरी शिजवून बाटलेला, त्यात साहेबानेही हाकललेला, म्हणून तीन दिवसांत त्याचं एकही वांगं खपलं नव्हतं.

मी अठरा वर्षांची, अकलेने आठ. नाक उडवून म्हटलं, "गोड का तिखट, एक काय ते ठरवा."

"काहून ठरवू वं बाई? साहेबही हेच म्हने. नोकरी गेली, पन जुडी नाही सोडली."

मागून सासूबाई म्हणाल्या, "बाटशील वं."

मी भररस्त्यात वांगं खाल्लं. नातवंडं त्याला धाडस म्हणतात. खरं तर भूक लागली होती. दुसरं मात्र सासूबाईंकडे बघत, मुद्दाम सावकाश खाल्लं.